शास्त्रज्ञही चक्रावले

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात येणाऱ्या वृत्तपत्रांवर विसंबून कोणी शास्त्रज्ञ नामक मनुष्यवर्गाविषयी मत बनवू पाहील, तर हा वर्ग अत्यंत नाजूक प्रकृतीचा, क्षणोक्षणी अचंबित होणारा, स्वतःच्याच विषयातील यःकश्चित घटनेने भान हरपून बसणारा आणि एकंदरीत कोणत्याही जबाबदारीच्या हुद्द्यावर नेमण्यास सर्वथा अपात्र असा आहे, अशीच त्याची खात्री होईल. सोमवारी तो थक्क झालेला असतो, बुधवारी चक्रावलेला असतो, शुक्रवारी त्याची झोप उडालेली असते. आणि रविवारच्या पुरवणीत मजकुराला जागा अधिक मिळत असल्यामुळे हे तिन्ही विकार त्याला एकाच वेळी जडलेले आढळतात. माझी सारी हयात तहसील कचेरीच्या अभिलेखकक्षात गेली. एखादा तलाठी आपल्याच सज्जाचे दप्तर उघडून दररोज असा चक्रावू लागला असता, तर महिना उलटण्याआधी त्याची रवानगी मेळघाटात झाली असती. शास्त्रज्ञांचा पगार मात्र चालू राहतो, याचे कारण त्यांचे वरिष्ठही बहुधा चक्रावलेलेच असावेत.

या विषयाकडे मी आपण होऊन वळलो नाही. अमरावतीस वृत्तपत्रविद्येचा अभ्यास करणारी माझी भाची गेल्या उन्हाळ्यात सुटीला आली, ती बरोबर एक प्रकल्प घेऊनच आली. विज्ञान व तंत्रज्ञान यांविषयीच्या वृत्तांतांत लेखकाचा सूर कसा असतो आणि वाचकाचे मन वळवण्यासाठी तो कोणकोणती साधने वापरतो, याची तिला छाननी करावयाची होती. पहिल्याच दिवशी चहा घेताना ती म्हणाली, "मामा, तुम्ही दिवसभर पेपरच वाचता ना? मग थोडं माझ्यासाठी वाचा." माझ्या सेवानिवृत्त जीवनाचे इतके निर्घृण वर्णन आजवर कोणी केले नव्हते. परंतु भाचीपुढे मामाचा इलाज चालत नाही, ही गोष्ट धर्मशास्त्रानेही मान्य केली असावी.

साहित्याची ददात नव्हती. मुदत संपल्याखेरीज कोणताही कागद नष्ट करू नये, हा दंडक अंगी इतका मुरला आहे की, आमच्या घरची रद्दी आजतागायत तराजूवर चढलेली नाही. जिन्याखाली, माळ्यावर आणि पाहुण्यांसाठी म्हणून बांधलेल्या खोलीत ती वर्षवार गठ्ठे बांधून ठेवलेली आहे. महसुली दप्तरात अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि त्यांपैकी 'अ' वर्ग कायमचा जपायचा असतो. सदरहू रद्दी 'अ' वर्गात मोडते असे माझे म्हणणे, ती 'ड' वर्गातसुद्धा मोडत नाही असे सौभाग्यवतींचे. हे अपील आमच्या घरी अनेक वर्षे प्रलंबित आहे.

भाचीने प्रथम मला सिद्धांत समजावून दिला. ॲरिस्टॉटल नावाच्या ग्रीक पंडिताने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी असे सांगून ठेवले आहे म्हणे की, दुसऱ्याचे मन तीन मार्गांनी वळवता येते: बोलणाऱ्याच्या विश्वासार्हतेने, ऐकणाऱ्याच्या भावनेला हात घालून, किंवा बोलण्यातील युक्तिवादाने. मी तिला म्हटले, "बेटा, आपल्याकडे यासाठी रसव्यवस्था आहे." मग जुन्या वहीवर समास आखून मी एक नोंदवही सिद्ध केली. तिचे रकाने असे होते: मथळा, अंगीभूत रस, शास्त्रज्ञाची मनःस्थिती, नासाचा संबंध (असल्यास), उद्गारचिन्हांची बेरीज आणि शेरा. पहिल्या गठ्ठ्यातच ध्यानात आले की, विज्ञानवार्तेत शृंगारास वाव नाही, हास्य असते ते अनवधानाने, आणि खरी हुकमत अद्भुत, भयानक व वीर या तिघांची आहे. शांत रस औषधालाही सापडेना. भरतमुनींनी मुळात आठच रस सांगितले. शांताची भर मागाहून पडली. वृत्तपत्रांनी मूळ प्रतच प्रमाण मानलेली दिसते.

अद्भुताचे पीक आमच्या जिल्ह्यात उत्तम येते, कारण आमच्याकडे लोणार आहे. २०२० सालच्या जून महिन्यात, टाळेबंदीची दारे जेमतेम किलकिली होत असताना, लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. ज्या काळात माणसाला दारातल्या दुधाच्या पिशवीचेही भय वाटत होते, त्या काळात इतका सुंदर रंग फुकट पाहावयास मिळावा हे खरे तर दैवाचे उपकार. परंतु बातमीने तो रंग एकट्याने येऊ दिला नाही. त्याच्यामागे गूढ, थरार, चमत्कार, कुतूहल, संकेत अशी पाच-सहा विशेषणांची व नामांची फौज उभी केली, आणि फौजेच्या पिछाडीस, नेहमीप्रमाणे, चक्रावलेले शास्त्रज्ञ. आमचा दूधवाला तोंडावर गमछा बांधून फाटकापाशी उभा राहिला.

"सायेब, लोनारचं पानी लाल झालं म्हंते. काई तरी होनार हाय बापा."

"काय होणार आहे?"

"ते शास्त्रज्ञायलेच मालूम नाई म्हंते पेपरात, तं मले कसं मालूम राहीन?"

या उत्तरातील तर्क निर्दोष होता. शेजारच्या निवृत्त तलाठीभाऊंनी तर कुंपणापलीकडून निरनिराळ्या उपपत्तींची आवक-जावकच सुरू केली. सकाळी त्यांच्या मते सरोवराच्या तळाशी ज्वालामुखी जागा होत होता. दुपारी लवणासुराचे रक्त, जे विष्णूने दैत्यसूदन होऊन तेथे सांडले असे पुराण सांगते, ते वर येत होते. आणि संध्याकाळी, नातवाने मोबाईल दाखवल्यावर, "नासानंबी फोटो काढले" एवढ्या एकाच पुराव्यावर त्यांनी दोन्ही उपपत्ती कायम केल्या. यांपैकी नासाची गोष्ट खरी निघाली, हे इथे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. तिच्या उपग्रहाने २५ मे रोजी हिरवट आणि १० जून रोजी गुलाबी अशी लोणारची दोन चित्रे टिपली होती. ज्या नासाच्या नावावर आमच्याकडे रोज काही ना काही खपवले जाते, त्या नासाने एकदा खरोखरच आमच्याकडे पाहिले. माझ्या नोंदवहीत त्या रकान्यापुढे तांबड्या शाईने 'खातरजमा झाली' असा शेरा आहे, आणि तसा तो दुसऱ्या कोणत्याही नोंदीपुढे नाही.

इकडे शास्त्रज्ञांचे काय चालले होते? वनखात्याने पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे आणि नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेकडे धाडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या प्रकरणी लक्ष घातले होते. आघारकर संस्थेतील मंडळींना प्रथम ड्युनालिएला नावाच्या शेवाळाचा संशय आला. तपासाअंती हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव हे रंगाचे धनी ठरले. हे जीव खारट पाण्यावर लुब्ध असतात आणि स्वतःचे गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी आटले, खारटपणा व अल्कता वाढली, जीवांची भरभराट झाली आणि सरोवर रंगले. इराणातले उर्मिया सरोवरही असेच रंगते, त्यात अघटित असे काही नाही. परंतु या अहवालातील मला सर्वांत प्रिय भाग निराळाच आहे: नमुन्याचे पाणी काही काळ तसेच राहू दिले असता सूक्ष्मजीवांचा साका खाली बसला आणि वरचे पाणी निर्मळ झाले. म्हणजे सारा जिल्हा ज्या रहस्याने हैराण झाला होता, ते रहस्य बाटली टेबलावर स्वस्थ ठेवली की आपोआप तळाशी बसत होते. 'शास्त्रज्ञाची मनःस्थिती' या रकान्यात मला प्रथमच 'शांत' असा शब्द लिहिता आला.

हा अहवाल जुलैत आला. आमच्याकडे येणाऱ्या पत्राने तो आतल्या पानावर, हरवलेल्या खरेदीखताच्या जाहीर नोटिशीखाली छापला होता. दूधवाल्याला मी तो मुद्दाम वाचून दाखवला. त्याने आदराने ऐकून घेतले आणि विचारले, "मंग काईच होनार नाई?" त्याच्या चेहऱ्यावरची निराशा पाहून मलाच ओशाळल्यासारखे झाले.

लोणारचे वय वाढण्याचे प्रकरणही असेच. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारची दखल घेतल्यापासून हे विवर ज्वालामुखीचे की उल्केचे, यावर पिढ्यानपिढ्या वाद चालला, आणि १९७३ च्या सुमारास उल्केच्या बाजूने फैसला पक्का झाला. पुढे वयाचा प्रश्न. एका पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे निघाले. २०११ साली दुसऱ्या पद्धतीने ५,७०,००० वर्षे. आमच्या कचेरीत जन्मतारखेत दोन महिन्यांची दुरुस्ती करावयाची तर प्रतिज्ञापत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन साक्षीदार लागत; सरोवराने कोऱ्या मुद्रांकाशिवाय पाच लाख वर्षे वाढवून घेतली! भाचीने मला थांबवले. "मामा, पुढे बघा. अधिक-उणे ४७,००० वर्षे असं लिहिलंय संशोधकांनी." मी गठ्ठ्यातली बातमी पुन्हा काढली. तीत ते अधिक-उणे कोठेच नव्हते. संशोधक बापडा आपल्या बेरजेला चूकभूल देणे-घेणे असे प्रामाणिकपणे जोडतो आणि बातमीच्या वाटेवर पहिला कोयता नेमका तेवढ्याच शब्दांवर पडतो. बाकी राहतो तो ठामपणा, आणि त्याच्या सोबतीला उद्गारचिन्ह.

वीररसाविषयी फार लिहीत नाही. पृथ्वीवर बसाल्ट खडकात पडलेली उल्काविवरे दुर्मीळ असल्यामुळे चंद्राचा व मंगळाचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात, ही खरोखर अभिमानाची गोष्ट. परंतु 'लोणारची माती चंद्रासारखी' अशा धाटणीची बातमी आल्यापासून आमच्या ओळखीचे एक जमिनीचे दलाल गिऱ्हाइकाला प्लॉट दाखवताना आधी आकाशाकडे बोट करतात.

कोणी म्हणेल, पूर्वी तरी काय निराळे होते? होते. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' मासिक काढले तेव्हापासून मराठीत शास्त्रीय विषय सांगण्याची एक शांत, मास्तरी रीत होती, आणि पुण्याहून १९२८ पासून निघू लागलेल्या 'सृष्टिज्ञान'ने ती पुढे चालवली. माझ्या वडिलांनी बांधून ठेवलेले त्याचे काही अंक माळ्यावर आहेत. ते मी भाचीपुढे ठेवले. तिने बरीच पाने उलटली.

"मामा, यात कोणी चक्रावलेलंच नाही."

"नाही."

"हे वाचायचं कोण?"

"माझे वडील."

"आणि?"

मी थोडा विचार केला. आमच्या वेळचे पोस्टमन अंक देण्यापूर्वी चाळीत असत, एवढे मला नक्की आठवत होते.

आता भयानक रस. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत, घाटाखाली, शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस अकस्मात गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग हात लावताच केसांची बट हातात, आणि अवघ्या काही दिवसांत टक्कल. त्या गावकऱ्यांवर जे ओढवले त्यात हसण्याजोगे काही नव्हते. बायकापोरी डोईवरचा पदर ढळू देईनात, ठरत आलेल्या सोयरिकी अडून बसल्या. पण बातम्यांनी याला जे नाव दिले ते 'टक्कल व्हायरस' असे होते. विषाणू कोणी पाहिला नव्हता, तपासणी व्हायची होती, तथापि बारसे उरकून घेण्यात आले होते. आणि एकदा व्हायरस म्हटले की तो संसर्गजन्य, आणि संसर्गजन्य म्हटले की तो बुलढाण्याहून येणाऱ्या प्रत्येक गाडीत बसलेला.

येथे वाचकांस एक वैयक्तिक तपशील सांगणे प्राप्त आहे. मी टकला आहे. पूर्वापार आहे; माझे टक्कल महाराष्ट्र शासनाच्या कित्येक वेतन आयोगांनी पाहिलेले आहे. त्या जानेवारीत संभाजीनगरला एका लग्नास जाण्याचा योग आला आणि थंडी असूनही मी एसटीत माकडटोपी काढून ठेवण्याचा प्रमाद केला. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी प्रथम तंबाखू मळता मळता चौकशी केली.

"काका, कुठून निघाले?"

"बुलढाण्याहून."

तंबाखू मळणारा अंगठा थांबला. दृष्टी हळूहळू माझ्या मस्तकावर चढली.

"शेगावकडचे का?"

"नाही हो. बुलढाणा शहर. घाटावरचा."

"मग हे?"

"हे जुने आहे."

"किती जुनं?"

"लग्नानंतरचे," मी म्हणालो. यावर एरवी कोणताही विवाहित पुरुष सहानुभूतीने हसला असता. ते उठले, वरच्या फळीवरची पिशवी घेतली आणि उरलेली सारी वाट उभेच राहिले. कंडक्टरने सुटे पैसे परत करताना ते माझ्या तळहातावर ठेवले नाहीत, वरून सोडले.

लग्नघरी काय झाले ते थोडक्यात सांगतो. माझ्यासाठी वेगळा टॉवेल काढण्यात आला आणि तो "पाहुण्यांचा मान" म्हणून मला सांगण्यात आले. पंगतीत माझ्या उजव्या हातास नवरदेवाचे काका होते, ते वाढप्याच्या निमित्ताने उठले ते दुसऱ्या ओळीत जाऊन बसले. वराच्या आत्याबाईंनी मला एका बाजूस घेऊन, मी कोणता शाम्पू वापरतो, अशी कळकळीची पृच्छा केली. मी शाम्पू कशाला वापरीन, हा प्रश्न त्यांना सुचला नाही, कारण त्या सकाळच्या बातमीत शाम्पूवर संशय घेतलेला होता. परत आल्यावर मी सेवापुस्तकावरील जुन्या छायाचित्राची प्रत काढून खिशात ठेवू लागलो. त्यावर कचेरीचा शिक्का असून टक्कल त्या तारखेस अस्तित्वात असल्याचा तो बिनतोड दस्तऐवज आहे. आमच्या नाभिकाने तो पाहिला आणि तो खिन्नपणे म्हणाला, "तुमचं ठीक हाय सायेब. मह्या दुकानात तं केसवाले बी याले भ्यून राह्यले."

मधल्या काळात कारणांचा दुष्काळ नव्हता. पाण्यात नायट्रेट व क्षार वाढल्याचे आरोग्य खात्याच्या तपासणीत दिसले, म्हणून पाणी, मग शाम्पू, मग बुरशी, तलाठीभाऊंच्या मते मोबाईलचा मनोरा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके बाहेरून आली. आणि विंचूदंशावरील उपचारामुळे जगभर नाव झालेले महाडचे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, लघवी, केस आणि घरांतला रेशनचा गहू तपासून फेब्रुवारीत आपला निष्कर्ष सांगितला: गव्हात सेलेनियम प्रमाणाबाहेर आहे. रुग्णांच्या रक्तात ते ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत तब्बल १५० पट आढळले. १८ गावांतील २७९ माणसांच्या डोक्यावर जे घडले त्याचा धागा त्यांनी ताटातल्या पोळीशी नेऊन भिडवला. सेलेनियम हे मूलद्रव्य शरीराला कणभर लागते. मणभर झाले की केस आणि नखे सोडून जातात, हे वैद्यकाला जुनेच ठाऊक. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी काही जमिनींत ते जास्त असते, हे मृदाशास्त्राला ठाऊक. म्हणजे जे ज्ञान होते ते पुस्तकांत शांतपणे बसून होते; धावपळ चालली होती ती फक्त मथळ्यांत.

व्हायरसची बातमी पहिल्या पानावर चार रकान्यांची होती. सेलेनियमचीही बऱ्यापैकी आली, पण तिच्यात 'विष' या शब्दाची सोय झाल्यामुळेच. बऱ्याच जणांचे केस पुन्हा उगवू लागले, तेव्हा जी बातमी आली ती शोधायला मला भिंग लागले. आमच्या घरी या सगळ्याचा परिणाम इतकाच की सौभाग्यवतींनी गव्हाची कोठी गच्चीवर उपडी केली.

"ऊन दाखवून काय होणार?" मी विचारले. "सेलेनियम हे मूलद्रव्य आहे. ते उन्हाने जात नाही."

"व्हायरस असला तर मरेल," त्या म्हणाल्या, "आणि विष असलं तर उडेल. तुम्हाला काय, तुमचं जायचं होतं ते गेलंय."

या साऱ्या अद्भुत-भयानकाच्या गर्दीत, एका उन्हाळी गठ्ठ्यात, भाचीला एक बातमी अशी सापडली की ती पाहून तिने हात जोडले. संयमी, पायरीपायरीने चालणारी, विशेषणविरहित. जूनमध्ये पाऊस कमी-जास्त, जुलैत साधारण, ऑगस्टमध्ये बरा. कपाशी मध्यम, तूर चांगली, ज्वारी सर्वसाधारण. उद्गारचिन्ह नाही, थक्क कोणी नाही. "मामा, ही आदर्श विज्ञानवार्ता आहे. हवामान खात्याची का?"

ती भेंडवळच्या घटमांडणीची बातमी होती.

जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. वर्तुळाकार अठरा धान्ये, मध्ये खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, पापड, करंजी, वडा, आणि राजाची गादी म्हणून पानसुपारी. रात्री तिथे कोणी थांबायचे नाही. पहाटे कोणता दाणा सरकला, कोणते ढेकूळ किती भिजले, हे पाहून वाघ घराण्यातले महाराज सालाचे भाकीत सांगतात. परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची सांगतात. त्या विधीविषयी माझे काहीएक म्हणणे नाही. घाटाखालचा शेतकरी तेथे पहाटे जमतो तो दोन घटका चार माणसांत उभे राहावे म्हणूनही जमत असेल. आश्चर्य आहे ते बातमीच्या सुराचे. ज्या वार्ताहराने सूक्ष्मजीवाला चमत्कार करून टाकले, तोच करंजी पुसली गेली की सरकली याचा अहवाल जमाबंदीच्या कागदाइतक्या कोरडेपणाने लिहितो. आणि १८७५ साली स्थापन झालेले भारतीय हवामान खाते जेव्हा देशाच्या ८७ सेंटिमीटर सरासरीच्या अमुक टक्के, अधिक-उणे अमुक, असे जपून बोलते, तेव्हा त्याच्या बातमीचा मथळा 'यंदा धो-धो!' असा होतो. भविष्य सांगणाऱ्याला अहवालाची भाषा मिळते आणि अहवाल देणाऱ्याला भविष्याची. मोताळ्याच्या बाजारात भेटलेल्या एका शेतकऱ्याला मी विचारले, सर्वसाधारण पाऊस म्हणजे किती? तो म्हणाला, "पडला तं पडला." अधिक-उणे याहून सोप्या शब्दांत मांडलेले मी अद्याप ऐकलेले नाही.

मी हा भेद आमच्या ओळखीच्या एका वार्ताहराच्या कानावर घातला. तो सज्जन माणूस आहे. रात्री दोन वाजता रस्त्यावरच्या अपघाताची बातमी धाडून सकाळी शाळेत शिकवायला जातो. तो म्हणाला, "काका, मी साधंच लिहून पाठवतो हो. वरून फोन येतो, यात बातमी कुठं आहे? मग मी म्हणतो, टाका तुम्हाला काय टाकायचं ते. सकाळी बघतो तर शास्त्रज्ञ चक्रावलेले." आणि जरा थांबून, "खरं सांगू? तीच लोक वाचतात. तुम्हीपण तीच कापून ठेवली की."

त्याच्या या शेवटच्या वाक्याचे उत्तर नोंदवहीत कोठेही नव्हते, म्हणून मी विषय खामगाव-जालना रेल्वेमार्गाकडे वळवला. हा मार्ग ब्रिटिश अमदानीपासून होऊ घातलेला असून त्याच्या बातमीत करुण आणि वीर असे दोन्ही रस एकदम नांदतात.

प्रकल्पाच्या अखेरीस स्थळपाहणी हवी, असा भाचीच्या प्राध्यापकांचा आग्रह. तेव्हा आम्ही लोणारला गेलो. काठावर उभे राहिले की १.८ किलोमीटर व्यासाची ती वाटोळी खोली एकदम डोळ्यांत येते आणि क्षणभर मनुष्य मथळे विसरतो. पाणी हिरवट होते. मुंबईकडचे एक कुटुंब कठड्यापाशी हिरमुसून उभे होते. गृहस्थांनी तिथल्या वाटाड्याला विचारले, "ते गुलाबी पाणी कुठल्या बाजूला आहे?"

"ते वीस साली होतं सायेब. आता नाई."

"मग आता काय आहे?"

"आता पानी वाढून राह्यलं. कमळजामायच्या देवळात शिरलं. खारेपन कमी होऊन राह्यलं म्हंतेत. हे आसंच चाल्लं तं ते जिवानू बी राहनार नाईत आन् काईच राहनार नाई." त्याने खरोखर काळजीने खाली पाहिले. "पन याच्यावर कोनी चक्रावत नाई."

गृहस्थांनी मान डोलावली आणि मुलीला सांगितले, "तू फोटो काढ, बघू काय करता येतं." मुलीने मोबाईलवर बोटे फिरवली. मी तिच्या खांद्यावरून पाहिले. सरोवर आधी पिवळे झाले, मग जांभळे झाले, आणि शेवटी, तिच्या मनासारखे, गुलाबी झाले. ते कोणत्या तरी समूहात रवाना झाले आणि कुटुंब उसाचा रस प्यायला गेले.

आम्ही गोमुखाच्या धारेपाशी पोचतो न पोचतो तोच सौभाग्यवतींचा दूरध्वनी आला.

"अहो, लोणार पुन्हा गुलाबी झालंय म्हणे! तलाठीभाऊंनी फोटो पाठवलाय. शास्त्रज्ञ परत चक्रावलेत."

"अगं, मी लोणारलाच उभा आहे. पाणी माझ्या डोळ्यांसमोर आहे. हिरवे आहे."

पलीकडे क्षणभर काही बोलणे नव्हते. तलाठीभाऊंचा आवाज मागून ऐकू येत होता. त्यांचे नासाविषयी काहीतरी चालले होते.

"हिरवं कसं असेल?" त्या म्हणाल्या. "चष्मा लावून बघा."